मरळीचा मधला तुकडा

ते घर आजही आठवलं की आधी तिथलं मांजर डोळ्यांपुढे येतं. चालताना त्याचे मागचे पाय एका बाजूला जायचे, भिंतीला अंग घासत ते कसंबसं चुलीपाशी पोचायचं. त्या मांजरापायी एक बाई तुरुंगात जाता जाता राहिली.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती आणि आमचा निम्मा वेळ टँकरवरची भांडणं सोडवण्यात जायचा. हद्दीतल्या एका तलावावर मासेमारांची सहकारी संस्था होती. रानं करपली होती, पण आटत्या पाण्यात मासा दाटला होता, त्यामुळे त्या गावाचं बरं चाललं होतं. संस्थेच्या म्हाताऱ्या चेअरमनला सगळे आबा म्हणत.

वडवणीच्या बाजाराच्या दिवशी आबांचा धाकटा मुलगा ठाण्यात आला. तो वेगळा राहायचा. थोरला भाऊ वारलेला, आणि त्याची विधवा बायको आबांना सांभाळत होती. बस म्हटलं तरी हा बसेना.

"साहेब, वहिनी आबाला जेवणातून कायतरी घालती. हात कापतेत, जीभ जड झाली, चालताना झोक जातो. ज्या माणसानं कधी थेंब घेतला न्हाई, त्याला लोक दारुडा म्हनायलेत."

"ती असं कशाला करेल?"

"आबानं संस्थेत वारस म्हनून तिचं नाव दिलंय. मग कावून करणार न्हाई?"

खोटी खबर देणारा माणूस घोकून आल्यासारखा बोलतो. हा अडखळत होता, मधेच डोळे पुसत होता. त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास होता, एवढं नक्की.

आबांना सिव्हिलला दाखवून आणलं, रक्ताचे नमुने पाठवले. फवारणीचं औषध नाही, नेहमीचं कुठलंच विष नाही. पण डॉक्टर हुशार होते, आणि हट्टीही. म्हणाले, "हे हळूहळू चढलेलं विषच आहे. घरात म्हातारा असं काय खातो जे दुसरं कुणी खात नाही, तेवढं शोधून आणा."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा आहे. त्या उन्हात जीप काढताना मी त्या कायद्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. बरोबर जमादार आणि एक महिला शिपाई होती.

सून डोक्यावरचा पदर सावरत दाराच्या आडोशाला उभी राहिली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"आबा एकटे काय खातात?"

"एकटे काय बी न्हाई. आमी दोघं एकाच हंडीतलं खातो, साहेब."

"मग त्यांना झालं ते तुला कसं नाही झालं?"

"मला काय ठावं? मांजरालाबी तसंच झालंय."

जमादार माझ्या कानाशी आले. "आधी मांजरावर करून बघितलंय, साहेब. लिहून घेऊ?"

तिला ते ऐकू गेलं. रडली नाही. म्हणाली, "न्हायचं तर न्ह्या मला. पर मामांच्या तोंडात घास कोन घालंल तेवढं सांगा. त्यांच्या हातानं त्यांना जेवता येत न्हाई."

अपराधी माणूस आधी स्वतःचं बघतो, असा माझा अनुभव. मी जमादारांना थांबवलं आणि तिला म्हणालो, "जेवायची वेळ झालीय, आधी त्यांना वाढ."

तिनं हंडी उतरवली. आबांच्या ताटात मरळीचे मधले दोन जाड तुकडे आणि डोकं घातलं. काटे काढून, तोंडावर पदर ओढून बाजूला बसूनच एकेक घास भरवला. डोकं चोखून झाल्यावर ते मांजराकडे गेलं. मग तिनं स्वतःला भाकरी घेतली आणि वरून नुसतं कालवण.

"तुला मासा?"

"मोठा मासा बाप्यांचा. जाळ्यात सगळ्यात मोठी मरळ निघाली की चेअरमनच्या घरी जाती, रीतच हाय तशी. आन मामा दुखण्याला पडल्यापासनं मी समदे तुकडे त्यांनाच देते. ताकद यावी म्हनून."

हंडी एक होती, पण ताटं दोन होती. पंचनामा करून उरलेली मरळ बाटलीत भरली आणि डॉक्टरांकडे नेली. त्यांनी आबांचे केसही मागवले. दोन्हींत पारा सापडला, तोही भरपूर.

तो आला कुठून, हे दुष्काळानंच दाखवलं. पाणी मागं सरलं होतं, आणि तलावाच्या वरच्या अंगाला गटाराचं तोंड उघडं पडलं होतं. वर एक शेड होती. गावोगावच्या सराफांच्या दुकानातली राख आणि झाडलोट आणून, तिच्यात पारा घालून सोन्याचा कण काढायचा, हा तिथला धंदा. धुतलेलं पाणी कित्येक वर्षं तलावात जात होतं. आम्ही पारा जप्त केला, गुन्हा नोंदवला. पंचनाम्यावर सही करताना शेडवाल्याचाही हात आबांसारखाच कापत होता, पारा त्यालाही चढला होता.

डॉक्टरांनी मला समजावलं. पारा गाळातून किड्यांत जातो, किड्यांतून लहान माशांत, आणि मरळ लहान मासे खाऊन वाढते. जितकी मोठी आणि जुनी मरळ, तितका पारा जास्त, आणि शिजवून तो जात नाही. मेंदूला झालेली इजा पुरती भरून येईलच असं नाही.

हे सगळं तिला सांगायला मीच गेलो. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे म्याच दिलं की, साहेब. माझ्याच हातानं."

आबाच बोलले, जड जिभेनं, एकेक शब्द ओढत. "तिनं जेवू घातलं. एवढंच लिवा."

मी तसंच लिहिलं. धाकट्यानं वहिनीचे पाय धरले. तलावातली मासेमारी बंद झाली. संस्थेच्या पोटावर पाय पडला, तरी तिच्या घरापासून हे सुरू झालं म्हणून तिच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

बदली झाल्यावर काही वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो. आबांचा हात तसाच कापत होता. नजर आक्रसली होती, नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं दिसायचं. सून मात्र त्यांच्या अगदी समोर बसून भरवत होती, तोंडावर पदर न ओढता. ज्या घरात ती कधी सासऱ्यापुढे बसली नव्हती, तिथं.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "बाजूला बसले की मी त्यास्नी दिसतच न्हाई," ती म्हणाली. "मग घाबरतेत."

आबांनी माझा आवाज ओळखला. कापरा हात तिच्याकडे करून म्हणाले, "आता हिचंच तोंड दिसतं बघा, साहेब. लई बरं हाय."

नोकरीत मला शाबासक्या पुष्कळ मिळाल्या, कुठली कशासाठी ते आता आठवत नाही. त्या हट्टी डॉक्टरांचे आभार मात्र राहून गेले. आणि बाईला ठाण्यात बोलवू नका असं ज्या कुणी लिहून ठेवलं, त्याचेही. तिला बोलावून घेतलं असतं तर मला फक्त तिचा जबाब मिळाला असता. घरी गेलो म्हणून तिचं ताट दिसलं.