आत्याचा डावा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. फार मोठं काही नाही, सांगायचं काय त्यात — असं स्वतःला समजावत आले. पण मोठं नव्हतं तर मग इतकी वर्षं लपवलं कशाला?

तेलुगू मुलखातल्या या शहरात, आमच्या बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांत माझं थोडंफार नाव आहे. कुणाच्या मुलीनं परदेशात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं काढलं, की आईवडील तिला आधी माझ्याकडे पाठवतात. पोरगी एकटी कशी राहील, शिकून काय येईल, उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं — हे प्रश्न माझ्या बाबांनाही पडले होते. इंजिनिअरिंग झाल्यावर मी जर्मनीतल्या एका लहान गावी, एका वृद्धाश्रमात वर्षभर काम करायला गेले. बाबा नामपल्लीच्या ऑफिसात सांगायचे, मुलगी जर्मनीला ट्रेनिंगला गेली आहे. परक्या म्हाताऱ्यांचे कपडे बदलते, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्या वर्षानं मला घडवलं, यात मात्र खोटं काही नाही. घरी स्वतःचं ताट न उचलणारी मी तिथं अनोळखी माणसांना अंघोळ घालायला शिकले, त्यांची नखं कापायला शिकले. चिडायचं नाही हेही शिकले — म्हणजे तिथं तरी. आणि तिथला एक नियम माझ्या डोक्यात पक्का बसला. माणसाला जे स्वतः करता येतं, ते तुम्ही त्याच्यासाठी करायचं नाही. कितीही वेळ लागो, सांडो, लवंडो, त्याचं त्याला करू द्यायचं. अर्धांगवायू झालेली माणसं तिथं जाड मुठीचा चमचा डाव्या हातात धरून जेवत. कुणाला त्यात काही वाटत नसे.

तसा एक चमचा मी येताना आत्यासाठी घेऊन आले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. माझं नाव तिनं ठेवलं आणि आई नोकरीला जायची म्हणून मला वाढवलंही तिनंच. मी जर्मनीत असताना तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला, पायातलंही बळ गेलं. बोलणं जरा अडखळायचं, बाकी डोकं लख्ख. आई तिला भरवायची, आतल्या खोलीत, दार लोटून. दार का लोटायचं, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. डाव्या हातानं वाढायचं नाही, डाव्या हातानं घ्यायचं नाही, देवाचं तर शिवायचंही नाही — हे सगळं आम्हाला आत्यानंच शिकवलेलं. तिला काय वाटेल ते मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

तरी मी तिला खोलीत सराव करायला लावला. माझ्या हट्टापायी तिनं केला. पोरगी एवढ्या लांबून शिकून आली, तिचं मन कशाला मोडायचं, असं आईला म्हणायची. हळूहळू वरणभात जमायला लागला. एकदा घास नीट तोंडात गेला तेव्हा हसलीसुद्धा. मी तिथंच थांबायला हवं होतं.

पण महालक्ष्म्या आल्या. मराठवाड्याकडची सगळीच घरं करतात तसं आम्हीही या दिवशी घर भरून माणसं बोलावतो. चिक्कडपल्लीची मावशी, मंडळातल्या बायका, शेजारची तेलुगू मंडळी. पंगत बसली, समोर लक्ष्म्या उभ्या, आणि मी आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. पुढ्यात नैवेद्याचं ताट ठेवलं, दुधात कुस्करलेली पुरणपोळी आणि वाटीत आंबील. तिच्या डाव्या हातात चमचा दिला. व्हिडिओ काढायला शेजारच्या मुलीला मी आधीच सांगून ठेवलं होतं.

आत्यानं चमचा खाली ठेवला आणि त्याच हातानं माझी ओढणी धरली. अगदी हळू म्हणाली, "इथं नक्को गं माय. लक्ष्म्या बघायल्यात. आत ने मला."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि ऐकू न आल्यासारखं दाखवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जमतंय तुला, आत्या. खा बघू." लहान मुलाला म्हणतात तसं.

का? तिच्या भल्यासाठी, असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. बाबांची मान ताठ व्हावी म्हणून, असंही म्हणून पाहिलं. दोन्ही खोटं. मला कौतुक हवं होतं. एवढ्या लांब जाऊन मी काय होऊन आले ते या बायकांना दिसायला हवं होतं, आणि दाखवायला माझ्याकडे आत्या होती.

तिनं खाल्लं. मान खाली घालून, मोजके घास. आंबील हनुवटीवर ओघळली. ती पुसायची तर चमचा ठेवावा लागला असता, आणि ठेवला की मी तो पुन्हा हातात देणार, हे तिला कळलं होतं बहुतेक. तशीच बसून राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई तेवढी उठून स्वयंपाकघरात गेली.

व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. मंडळानं मला बोलायला बोलावलं, मग आणखी कुणी बोलावलं. नोकरीच्या मुलाखतीतही मी हीच गोष्ट सांगितली. आत्या त्यानंतर माझ्यासमोर कधी जेवली नाही. मी खोलीत गेले की म्हणायची, पोट भरलं. रागावली नाही, आईकडे कधी तक्रार केली नाही. माझ्याशी बोलायची, माझ्या लग्नात खुर्चीत बसून अक्षताही टाकल्या. फक्त जेवली नाही.

शेवटच्या दुखण्यात एकदा आई दमून झोपली होती, म्हणून मी पेज घेऊन आत्याच्या उशाशी बसले. एक घास तरी माझ्या हातून घ्यावा, असं मला फार वाटत होतं. जीव तुटत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेव तिथं. मीच खाते."

मी वाटी ठेवून बाहेर आले. नंतर उचलायला गेले, तर पेज तशीच होती.

परदेशातल्या सेवेनं तरुण मुलं कशी घडतात, यावर मी अजून बोलते. भाषणाच्या शेवटी सांगते, की माझी आत्या अखेरपर्यंत म्हणायची, ठेव तिथं, मीच खाते. मग जरा थांबते. तिथं टाळ्या पडतात. परवाही पडल्या, आणि त्या संपेपर्यंत मी हात जोडून उभी राहिले.