असाहेलची डुकरीण

अमेरिकेतल्या आमच्या न्यू हॅम्पशायरात नव्या नवऱ्याची थट्टा करायची रीत आहे. मार्चच्या गावसभेत त्याला डुकरांचा राखणदार नेमतात, म्हणजे गावातली मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची. असाहेल ट्रास्क या शेतकऱ्याचं लग्न झालं तेव्हा त्याचं नाव मीच सुचवलं, आणि सभा पोट धरून हसली. बाकीचे नवरे हसण्यावारी नेतात. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी दोर घेऊन निघाला आणि पहिली कोंडवाड्यात घातली ती स्वतःचीच डुकरीण. मोकाट फिरत होती म्हणे!

"अरे, घरचीच?" मी विचारलं.

"नाहीतर तुझी डुकरं धरायला तुझ्या दारात कोणत्या तोंडाने येऊ?"

इंग्लंडचा राजा गेला, राज्य आपलं झालं, तेव्हा याच खुळ्याला आम्ही विधानसभेवर पाठवलं. नांगर भावाच्या हाती देऊन तो तीन दिवस चालत गेला.

नदीवर बांध घालून पाण्यावर चालवलेली लाकूड कापायची गिरणी आम्हा दोघांची, निम्मी निम्मी. त्या हिवाळ्यात विधानसभेपुढे कायदा आला: वसंतात महिनाभर प्रत्येक बांध उघडा ठेवायचा, म्हणजे मासे वरच्या गावांपर्यंत चढतील. हिवाळा सरताना त्या लोकांची पिंपं रिकामी होतात, मासा आला तरच पोटाला मिळतं. पण आमची गिरणी भरात चालायची तीही त्याच महिन्यात. मी निर्धास्त होतो. जुन्या बांधांना सूट होती, आणि आमचा तर सगळ्यांत जुना.

असाहेल सभेत जन्मात एकदाच बोलला. "माझा बांध जुना आहे. ती सूट खोडा." सूट खोडली गेली.

तो परतला तसा मी त्याला अंगणातच गाठला. "घरभेद्या! माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलास!"

"माझ्याही काढला की. शिव्या दे, पण उद्या पहार घेऊन ये. पहिली फळी आपल्या बांधाची निघाली पाहिजे."

मी गेलो तो भांडायलाच. तर हा कमरेइतक्या बर्फगार पाण्यात एकटा, फळीशी झुंजतोय, ओठ निळे पडलेले. बूट काढले आणि उतरलो.

नवव्या दिवशी मासे चढले. वरच्या गावची माणसं काठावर टोप्या काढून उभी राहिली. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला मी थट्टेने निवडला होता.

असाहेल जाऊन चार वर्षं झाली. दर वसंतात बांधावर अजून पहिला मीच पोचतो. माझ्या आधी कुणी फळीला हात लावला, तर मला राग येतो.