वहिनीला झोप येईल असं गाव

रिकाम्या घरात शिरली की वहिनी आधी आडवी व्हायची.

एजंट खिडक्या उघडून दाखवत असायचा, दादा भिंतींवर टिचक्या मारत फिरायचा, आणि वहिनी पिशवीतली जुनी चादर काढून आतल्या खोलीतल्या फरशीवर अंथरायची. डोळ्यांवर रुमाल टाकायची आणि म्हणायची, "सगळ्यांनी जरा बाहेर थांबा." मग आम्ही सगळे, म्हणजे दादा, त्याची दोन पोरं, आई आणि मी, चपला हातात घेऊन जिन्यात उभे. पहिल्यांदा एजंटाला वाटलं, बाईंना चक्कर आली. तो बिचारा पाणी आणायला धावला.

चक्कर कसली, परीक्षा होती ती. वहिनी हॉस्पिटलात नर्स. पोरं लहान होती तेव्हा दिवसा घरी राहता यावं म्हणून तिनंच रात्रपाळी मागून घेतली. पोरं मोठी झाली, पण दिवसपाळी काही परत मिळेना. रात्रीला उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. तेव्हा झोपायचं ते दिवसा. आणि आमच्या शहरातल्या घराखाली सुतारकामाचा कारखाना. यंत्राची करवत सुरू झाली की कपाटातल्या कपबशा हलायच्या. बंद झाली की वहिनीचा डोळा लागायचा, आणि लागतोय न लागतोय तोच पुन्हा करवत. माणूस असं तुकड्या-तुकड्यांनी किती दिवस झोपणार?

एका सकाळी ती ड्यूटीवरून आली आणि वर न येता जिन्यातच बसली. मी दुकानावर निघाले होते. चपलांच्या दुकानात काम करते मी. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं, त्यामुळे माझ्याकडे कुणाबद्दल फारशी माया शिल्लक नसते. पण वहिनीचा चेहरा बघून मीही बसले.

"एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला निघाले होते मी," ती म्हणाली. "पेशंटनंच हात धरला. म्हणाला, सिस्टर, मला नाही हो, शेजारच्याला."

"दिलं नाहीस ना पण?"

"तो जागा होता म्हणून. झोपला असता तर?" मग म्हणाली, "दिवसा नीट झोप मिळाली नाही तर मी नोकरी सोडणार. कुणाचा तरी जीव घेण्यापेक्षा ते बरं."

नोकरी सोडलेली वहिनी मला डोळ्यांसमोर आणता येईना. ज्या बाईला लग्नाच्या फोटोतसुद्धा शेजारच्याची नाडी बघतेय अशा थाटात हात धरून उभं राहायची सवय, ती घरी बसून करणार काय? दादाला सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबला. "शहर सोडू," म्हणाला. दादा खिडक्यांच्या काचा बसवायचं काम करतो. तो बोलतो कमी आणि ठरवतो पटकन.

झालं, आमची वणवण सुरू झाली. घर पाहावं बांधून म्हणतात; आमचे नुसतं पाहण्यातच नाकी नऊ आले. शहर संपल्यावरही बस बराच वेळ जात राहते, तिथली सगळी गावं आम्ही पालथी घातली. प्रत्येक सुट्टी त्यातच. एजंटाचं नाव पोरांनी 'पाच मिनिटं' ठेवलं होतं, कारण त्याच्या तोंडी सगळंच पाच मिनिटांवर असायचं: शाळा, बाजार, दवाखाना. पाय मात्र आमचे दुखायचे.

खरं तर प्रत्येकाच्या आपापल्या अटी होत्या. पोरांना मैदान हवं होतं. मला दुकानासाठी थेट बस. आईला समोर गॅलरी आणि गॅलरीत बोलायला माणूस. एकेक करत सगळ्यांनी अटी सोडल्या आणि एकच उरली, वहिनीची झोप. एका गावात घर छान, पण मागे हमरस्ता. एकात समोर नवी इमारत उठत होती. एकात खालच्या माणसाला ट्रम्पेट शिकायची हौस. वहिनी चादर झटकून उठायची, घडी घालायची आणि एजंटाला म्हणायची, "नाही." चिडायची नाही. चिडायलाही अंगात काही असावं लागतं.

शेवटी ते घर मिळालं. गावाच्या टोकाला, पुढे रस्ताच नव्हता. त्या दिवशी वहिनी सलग दोन पाळ्या करून आली होती. ती आडवी झाली. आईचे पाय दुखत होते म्हणून आई 'पाच मिनिटं'बरोबर स्वयंपाकघरातच टेकली, आणि आम्ही बाकीचे शाळा बघायला गेलो. परत आलो तर वहिनी गाढ झोपलेली! तोंड उघडं, हात गालाखाली. पोरं आनंदानं उड्या मारायच्या बेतात होती, दादानं त्यांची बखोटं धरली. स्वयंपाकघरात मात्र आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. ओटा बुटका, मोरी अंधारी, असलं घर बांधणाऱ्यानं आयुष्यात कधी भांडं घासलेलं नाही, असं ती बिचाऱ्या एजंटाला ठणकावून सांगत होती. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. आई गप्प झाली, आणि वहिनी तेवढ्यात उठून बसली. आमच्या पावलांनी जाग आली असणार, असं आम्ही धरून चाललो.

"हेच घर," दादा म्हणाला.

राहायला आल्यावर आम्ही वहिनीच्या झोपेला काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. दादानं तिच्या खिडकीला स्वतःच्या हातानं दुहेरी काच बसवली आणि चौकटीच्या फटी भरल्या. एवढं चोख काम त्यानं गिऱ्हाईकाकडेही कधी केलं नसेल. दाराची घंटा काढून टाकली. खुर्च्यांच्या पायांना मी दुकानातल्या जुन्या सपातांचे तुकडे चिकटवले. पोरं शाळेतून आली की खुणांनी जेवण मागायची. आणि आई! गॅलरी नाही, शेजारीण नाही, आणि घरातही बोलायची चोरी. ती खुर्चीत बसून नुसती आमच्याकडे बघायची. एकदा तिच्या हातून ताट निसटलं तर आम्ही चौघांनी एकदम "शूऽऽ" केलं. आईचा चेहरा उतरला. त्यानंतर ती ताटही दोन्ही हातांनी उचलायला लागली.

आणि एवढं करून वहिनी झोपत नव्हती.

मी सुट्टीला घरी असले की दाराच्या फटीतून बघायची. ती उताणी पडलेली असायची, डोळे टक्क उघडे. विचारलं तर म्हणायची, "लागेल. नवी जागा आहे." डोळ्यांखाली काळं आलेलं. एका रात्री वॉर्डात खुर्चीवरच तिचा डोळा लागला आणि नेमक्या त्याच वेळी मेट्रन फेरीला आली. दुसऱ्या दिवशी वहिनी घरी येऊन शांतपणे म्हणाली, "आज रात्री जाऊन सांगते. सोडते."

 आमची मोठ्यानं बोलायची सवयच मोडली होती. ती आत गेली, दार लावलं. आम्ही बाहेर जमलो आणि कुजबुजायला लागलो. दादा म्हणत होता, दारालाही रबर लावू. मी म्हणत होते, डॉक्टरला दाखवू. दादाची मोठी पोरगी रडत होती, तेही आवाज न करता.

दार धाडकन उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभी, केस पिंजारलेले.

"अरे, मोठ्यानं बोला रे कुणीतरी!" ती ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा तसला आवाज ऐकला नव्हता. "वॉर्डात माणसं अशी कुजबुजायला लागली की समजायचं, कुणीतरी गेलं. मी तिथे पडून ऐकत राहते, आमच्यातलं कोण गेलं म्हणून. करवत नको होती मला. तुम्ही नको होतात असं कधी म्हटलं मी?"

दादा खाली बघत राहिला. त्याच्या नखांत अजून खिडकीच्या फटींत भरलेलं लुकण होतं. मला तेव्हा तो दिवस आठवला, स्वयंपाकघरातली आई आणि तिच्या तोंडावरचा माझा हात. झोप त्या गावानं आणली नव्हती. आम्ही मूर्खांनी गाव घेतलं होतं आणि झोप बंद केली होती.

"आई," मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"मी?" आई फणकारली. "मला बोलायची परवानगी आहे का या घरात?"

"बोला ना आई," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "त्या दिवशी एजंटाला बोलत होतात, तसं."

"मग ऐक!" आईनं खुर्ची खर्रकन ओढली, सपातेचा एक तुकडा निघून लांब उडाला. "अख्ख्या गावात एक कुत्रं भुंकत नाही, असलं गाव निवडलंस! माणसं राहतात का भुतं? आणि नोकरी सोडतेय म्हणे! घरी बसून काय माझी नाडी मोजणार आहेस? तो नळ थेंब थेंब गळतोय, कुणाला दिसत नाही. आणि ही माझी लेक, हिला भाजी चिरायला दिली की..."

वहिनी मागे वळली आणि दार उघडंच ठेवून पडली. आई बोलत राहिली. नळ झाला, ओटा झाला, सुनेचा स्वयंपाक आणि माझं न झालेलं लग्न झालं, दादाचं लहानपण झालं. पोरं हसायला लागली, चक्क मोठ्यानं. मी आत डोकावले. तोंड उघडं, हात गालाखाली.

मी आईला खूण केली, झोपली. आईचे डोळे भरून आले, पण आवाज तिनं जराही खाली आणला नाही.

"आणि ती चादर!" ती त्याच चढ्या सुरात माझ्यावर खेकसली. "ओढ तिच्या पायांवर. गार पडले असतील. एवढंही कळत नाही कुणाला!"