बाईंचा फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, शुभाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते फक्त तिलाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. युद्धानंतर कुवेत सावरत होतं, मी तिथल्या मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या रिफायनरीत इंजिनिअर होतो. लग्न होऊन शुभा सालमियाच्या फ्लॅटवर आली ती पुण्याहून एक जाड फाइल घेऊन. फाइलभर एकाच तरुणाच्या पुतळ्यांचे फोटो. अँटिनोअस. रोमचा सम्राट हेड्रियन याचा लाडका. नाईलमध्ये बुडून मेला, तर सम्राटानं त्याला देव केलं, साम्राज्यभर त्याचे पुतळे उभारले. शुभा त्यांच्यावर पीएच.डी. करत होती.

"नाक फुटलेलं असलं तरी तो ओळखू येतो," ती सांगायची. "कपाळावरच्या बटा बघ. कारागिरांनी चेहरा थोडा बदलू दिला, बटा नाही."

मी बघायचो. मला सगळे सारखेच दिसायचे — मान झुकवलेले, रुसलेले.

ती माझ्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. उन्हाळ्यात खिडकी उघडायची सोय नाही. बाहेर पडायचं तर मी येईपर्यंत थांबायचं. दिवसभर ती, एसीची घरघर आणि ते फोटो. आणि मला — कसं सांगू? — ते बरं वाटायचं. संध्याकाळी दार उघडायला कुणीतरी होतं.

एका शुक्रवारी ती खाली दुकानात खुबूस, तिथली रोटी, आणायला गेली होती. फोन वाजला. पुण्याहून तिच्या गाइड, बाई. आवाजात आनंद मावत नव्हता. रोमला राहून मूळ पुतळे अभ्यासायची संधी आली होती, सहा महिने. "शुभाचंच नाव दिलंय. तिला लगेच फोन करायला सांगा."

मला काय वाटलं? ती परतणार नाही, असं वाटलं. या खोल्यांत कोण परतेल?

"बाई," मी म्हणालो, "तिनं ते काम सोडलंय. तुम्हाला सांगायला संकोचते. परत विचारू नका, तिला अवघड होतं."

पलीकडून "बरं," एवढंच.

शुभा गरम खुबूस घेऊन वर आली. "कुणाचा फोन?"

"राँग नंबर."

काही महिन्यांनी तिला मैत्रिणीकडून कळलं — दुसरीच कुणी रोमला गेली. "बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही रे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, त्याच वेळी. ती मानी आहे, स्वतःहून विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं — त्यावरच तर मी निभावून नेलं. फाइल पलंगाखाली गेली. शुभा शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली.

पुढे, दोन हजारनंतर, आम्ही लेकीला घेऊन रोम बघायला गेलो. एका संग्रहालयात तो समोरच उभा होता. शुभा थबकली.

"हू इज ही, आई?" लेकीनं विचारलं.

शुभा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल कुणीतरी," आणि पुढे गेली.

मी दोन पावलांवर होतो. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो.

बाई आता नाहीत. त्यांचा विषय निघाला की शुभा अजून म्हणते, "त्यांनी मला टाकलं."

मी समोर बसलेला असतो. मान डोलावतो.