केवडा काढलेलं घर

चाकणच्या एका कंपनीत सुजित प्रेस शॉपचा सुपरवायझर होता आणि तिथं त्याला सगळे मागून 'गार्डवाले' म्हणत. मशिनवरचं गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, कुणी काढून ठेवलेलं दिसलं की हा माणूस असा काही भडकायचा की आवाज कँटीनपर्यंत जावा. "बोटं नकोशी झालीत काय रे?" हा ठरलेला प्रश्न. बाकी गडी साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पिंपरीत संत तुकाराम नगरात छोटा फ्लॅट, बायको वर्षाली, मुलगी दिव्या. आणि दापोलीच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून, आईचं घर.

त्या दिवशी मात्र एका मशिनचं गार्ड सरळ सरळ खाली ठेवलेलं होतं आणि सुजित शेजारून नुसता निघून गेला. कानाला फोन. पलीकडून तीच बाई तेच सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. सकाळी वादळ किनाऱ्याला धडकलं होतं आणि तेव्हापासून यशोदाबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन लागत नव्हता.

आता वादळाची भीती कुणाला नसते? पण सुजितची भीती निव्वळ वादळाची नव्हती. आपण काय करून बसलोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागे एकदा कंपनीतली मित्रमंडळी गावी नेली होती. मासे चापून झाल्यावर दिग्विजय ओटीवर आला आणि म्हणाला, "राव, समुद्राच्या काठावर घर आणि समुद्रच दिसत नाय? कमाल आहे तुमची!" घर आणि वाळू यांच्या मधोमध केवड्याचं दाट बन होतं. आजोबांनी लावलेलं, काटेरी, आत साप असतात अशी ख्याती असलेलं. दिग्विजय बोलून मोकळा झाला, पण सुजितच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ओटीवर वेताच्या खुर्च्या, समोर मोकळा समुद्र, पुण्या-पिंपरीचे पाहुणे सुट्टीला राहायला. पुढच्या खेपेला त्यानं थेट जेसीबीच आणला.

"अरे, ती अडचण आपल्याला नाय रे, वाऱ्याला हाय," यशोदाबाई म्हणाल्या होत्या.

"आई, तुला नाही कळायचं त्यातलं," हा म्हणाला. पोरं शहरात गेली की हे वाक्य त्यांच्या तोंडी आपोआप येतं. दुपारपर्यंत बन साफ. संध्याकाळी ओटीवरून काढलेला सूर्यास्ताचा फोटो यानं स्टेटसला ठेवला आणि सगळ्या शॉपनं त्यावर अंगठे उमटवले.

आता तेच आठवत तो पुन्हा पुन्हा आईचा नंबर लावत होता.

घरी आला तर वर्षाली टीव्हीसमोर उभीच. "किनाऱ्यावरच्यांना शाळेत हलवलंय म्हणतात."

"आई हलेल? तिला ओळखत नाहीस का तू? कोंबड्या कोण बघणार म्हणेल आणि बसेल तिथंच." पोरीसमोर रडू नये म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दिग्विजयनं गाडी काढली. सूर्यास्ताचा फोटो त्यालाही सलत असावा. ताम्हिणीत झाडं आडवी, माणगावच्या पुढे तारा लोंबकळलेल्या, मंडणगडाकडे तर लोक कोयत्यांनी फांद्या तोडून वाट करत होते. सुजित प्रत्येक ठिकाणी उतरून ओंडके ओढायला लागायचा, गाडीत बसला की पुन्हा फोन. घर जाऊ दे, आई राहू दे, असं तो मनात घोकत होता. आणि मग मनातल्या मनात हळूच म्हणायचा, जमलं तर घरही राहू दे. त्याची त्यालाच लाज वाटायची.

आई शाळेत होती. शेजारच्या भाग्यश्रीनं हाताला धरून ओढत नेली होती म्हणून. तिला व्हरांड्यात बसलेलं पाहिलं आणि सुजित तिच्या शेजारी जाऊन बसला.

मग घर पाहिलं. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा केवडा जागेवर होता. त्यांची कौलं उडाली होती, पण भिंती उभ्या होत्या. सुजितच्या घराची ओटी मात्र उरलीच नव्हती. स्वयंपाकघरात गुडघाभर वाळू, माजघरात कुणाच्या तरी होडीची फळी. पूर्वी बन होतं तिथून लाट आरामात अंगणात येऊन परत जात होती.

आई आता फाडफाड बोलेल म्हणून सुजित मान खाली घालून उभा राहिला. खरं तर तिनं बोलावं असंच त्याला वाटत होतं. तेवढ्यात पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, "याच घराला एवढं कसं लागलं हो?"

"वादळच तसलं होतं," यशोदाबाई झटकन म्हणाल्या. "त्याला कोण काय करणार?"

त्या मागच्या विहिरीकडे गेल्या. पोहरा ओढला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकल्या. पुन्हा थोडं घेऊन पाहिलं. मग दोर नीट गुंडाळून कठड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "खारं झालं. चल, येते मी तुझ्याकडे."

हेच ऐकायला सुजितनं कितीतरी वर्षं त्यांच्या विनवण्या केल्या होत्या. आज ते ऐकून त्याला आईकडे बघवेना.

पिंपरीला पोचले तेव्हा दिव्या आजीला बिलगली, वर्षालीनं ताट वाढायला घेतलं. यशोदाबाई चपला काढून दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, दिव्याच्या अभ्यासाच्या टेबलाकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात सुनेला विचारलं, "वर्षाली, मी कुठं बसू गं? तुमच्या वाटेत यायला नको."