डिस्कला बोट लावू नये

चहा घ्या निवांत, खारी बुडवा. माझी अब्रू जायची ती गेल्या दसऱ्यालाच गेली, आता तुमच्यासमोर लाजून काय मिळणार? आणि हा किस्सा बाहेर तीन वेगवेगळ्या प्रकारे फिरतोय. एका प्रकारात तर मी उकळत्या कढईत पडलो होतो म्हणे! तेव्हा खरा प्रकार माझ्याच तोंडून ऐका. सगळा पुरावा लेखी आहे. तीच तर अडचण झाली.

मी मूळचा धुळ्याकडचा. राहतो सुरतेत, डिंडोलीला, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मशीनची देखभाल बघतो आणि बावीस वर्षं रोज डायरी लिहितो. गॅसची टाकी कधी बदलली, दाढ कधी ठणकली, पंख्याला तेल कधी दिलं, सगळं वेळेसह. घरात वाद झाला की मी काही बोलत नाही, नुसतं डायऱ्यांच्या कपाटाकडे बघतो. समोरचा गप्प होतो. एवढा माझा दरारा! म्हणजे होता.

तर पन्नाशीच्या तोंडावर मला डोंगरात चालवायची सायकल बांधायची हुक्की आली. विकत आणायची नाही हं, बांधायची! कार्बनची फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, एकेक भाग वेगळा मागवून. सुरतेत डोंगर कुठे, असं विचारू नका. सगळ्यांनी विचारून झालंय. आमच्याकडे सगळ्यात उंच शिखर म्हणजे रेल्वेवरचा पूल. पण मिलमधली सहा जणं दसऱ्यानंतरच्या रविवारी डांगच्या डोंगरात सायकली घेऊन जाणार होती आणि मला त्यांच्याबरोबर जायचंच होतं. जन्मभर सपाटीवर काढली हो. एकदा तरी घाटातून, झाडांमधून, वारा कानात शिरेल असं खाली यायचं होतं.

फ्रेमचं खोकं आलं तेव्हा शेजारी मदतीला धावले. चौघांनी चार कोपरे धरले, "हं, उचला!" म्हणाले आणि जोर लावला, तर खोकं जवळजवळ छताला टेकलं.

"भाऊ, आत काही आहे ना?" शेजारचे पाटील म्हणाले.

"कार्बन आहे," मी म्हणालो. जणू मीच खाणीतून काढला होता.

कोपऱ्यावर रमणभाईंचं सायकलचं दुकान आहे. चाळीस वर्षं त्यांनी पंक्चर काढलीत, रिमा सरळ केल्यात. ते आपणहून सायकल बांधून द्यायला आले. "प्रकाशभाई, लावो, हुं बांधी आपुं."

मी हसलो. कसा? टीव्ही बिघडल्यावर त्याला थापटी मारणाऱ्या माणसाकडे बघून शिकलेली माणसं हसतात ना, तसा. "रमणभाई, हे कार्बन आहे. बोल्टवर किती जोर लावायचा, ते मोजावं लागतं. त्यासाठी खास पाना असतो. जास्त पिळलं की फ्रेमला तडा!"

रमणभाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "मारो हाथ मापे छे," म्हणाले आणि गेले. हात मोजतो म्हणे! मी डायरीत लिहिलं: 'अज्ञान. वाईट वाटले.'

पुढचे दोन महिने आमचा हॉल माझ्या ताब्यात. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, लिहून घ्यायचा, मग पाना उचलायचा. कुठला बोल्ट किती पिळला, याचा तक्ताच केला. मागच्या शॉकमध्ये हवा माझ्या वजनाप्रमाणे भरायची होती. म्हणजे मी बूट, हेल्मेट, पाठीवर भरलेली पिशवी, असा सगळा सरंजाम चढवून हॉलमध्ये सायकलवर बसायचं आणि सायकल किती दबली ते दुसऱ्याने मोजायचं. दुसरं कोण? सुनंदा. माझी बायको एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात लाटणं घेऊन वाकली.

"दबली?" मी विचारलं.

"दबली. तुमच्या वजनानं रेल्वेचा डबापण दबेल."

"आकडा सांग!"

"हाई सायकल शे का देव शे?" ती वैतागली की माहेरच्या अहिराणीवर येते. "लग्नातल्या शालूला इतकं जपलं नाही कधी तुम्ही."

हे ती ब्रेकच्या डिस्कबद्दल म्हणत होती. चाकाच्या मध्यावर एक पातळ पोलादी चकती असते, तिला दोन बाजूंनी पॅड आवळतात आणि चाक थांबतं. त्या चकतीला तेलाचा नुसता वास जरी लागला तरी ब्रेक संपला! बोटाचा घामसुद्धा चालत नाही. म्हणून मी डिस्क रबरी मोजे घालून बसवल्या, त्यावर सुती रुमाल गुंडाळले, आणि डायरीत लाल शाईने पानभर लिहिलं: 'डिस्कला कोणीही बोट लावू नये. तेल-तूप तर दहा हात लांब.' ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा.

दुसऱ्यांदा खास रवीसाठी. रवी म्हणजे सुनंदाचा भाऊ, साड्यांच्या मार्केटमध्ये नोकरीला. चाळिशीचा घोडा, पण वस्तू दिसली की बोट लावल्याशिवाय त्याला ती कळत नाही. दुकानात कापड चाचपून चाचपून ही सवय लागलेली. नवमीच्या संध्याकाळी मी गल्लीत ब्रेक तपासले. काय सांगू! एका बोटाने दाबला की सायकल जागच्या जागी उभी. तेवढ्यात रवी आला आणि वाकून बघायला लागला.

"रवी! बोट!"

त्याने पोलीस बघितल्यासारखे दोन्ही हात वर केले. "दाजी, श्वास घेतला तर चालेल ना?"

"तिकडे तोंड करून घे."

आता सुनंदाची अट ऐका. "डांगला जायचंय ना? मग दसऱ्याला सकाळी पुलापलीकडून फाफडा-जलेबी घेऊन या, याच सायकलवरून. अंगावर ओरखडा न येता आलात तर जा. नाहीतर मी नाही सोडणार. दरीतून तुम्हाला वर कोण आणणार?"

फाफडा-जलेबी! अहो, दसऱ्याला अख्खी सुरत तेच करते. ही काय अट झाली? मी लगेच मान्य केली.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून सायकलची पूजा मांडली. मिलमध्ये दरवर्षी यंत्रांची पूजा माझ्याच हातून होते. तिथे गरम वाफेत कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून आम्ही ते तुपात कालवतो. वाटी एका हातात, बोट दुसऱ्या हाताचं, एका दमात अठरा यंत्रं. डोकं लागतच नाही त्याला, हात आपोआप चालतो. सायकलचीही पूजा तशीच यथासांग केली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, टायरखाली लिंबू ठेवून चिरडलं, वेळ डायरीत लिहिली आणि निघालो. गल्ली बघायला बाहेर आलेली. रवी टाळ्या वाजवत होता. मला त्या टाळ्यांचा तेव्हाच संशय यायला हवा होता, असं मला नंतर वाटलं.

पूल मस्त चढलो. रिक्षावाला बाजूने जाताना वळून बघत होता. माथ्यावर थांबून मी दीर्घ श्वास घेतला. समोर उतार. हाच माझा डांग! सोडली सायकल.

निम्म्या उतारावर ब्रेक दाबला.

काही नाही.

दुसरा दाबला. सायकल अजून खुशीत! पॅड डिस्कवरून असे सरकत होते की जणू आरती ओवाळताहेत. दोन्ही ब्रेक मुठीत धरून आवळले. बाजूने सायकलवर दूधवाला चालला होता, किटल्या लटकवलेल्या; त्याने साधा जुना ब्रेक लावला आणि थांबला. मी त्याच्या शेजारून गेलो. नजरानजर झाली.

उताराच्या तळाशी फाफड्याचं दुकान आणि त्याच्यासमोर निम्मी डिंडोली रांगेत उभी. "खसो! हटो! बाजूला व्हा!" मी तिन्ही भाषांत ओरडलो. माणसं हुशार. सटासट बाजूला झाली. मी पाय घासत, हार उडवत, मिठाईच्या रिकाम्या खोक्यांची चळत फोडून पुढे गेलो आणि फाफड्याबरोबर देतात त्या कच्च्या पपईच्या किसाचं मोठं टोप होतं ना, त्यात बसलो. बसलो म्हणजे व्यवस्थित बसलो. मोजून केल्यासारखा.

 रांगेतले एक आजोबा मागच्या टोकाकडे बोट दाखवत म्हणाले, "भाई, लाइन पाछळथी छे."

हसताय? हसा. दुकानदारानेही आधी हसून घेतलं, मग अर्धा किलो फाफडा बांधून माझ्या हातात ठेवला आणि हात जोडले. "तमे पहेलां जाव."

घरी सायकल ढकलत आलो. दारात सुनंदा. मी दोन्ही हात पुढे केले. "बघ! ओरखडा नाही!"

तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. हळदीत भिजलेली पपई माझ्या कॉलरपासून बुटापर्यंत लोंबत होती. "ओरखडा नाही," ती म्हणाली, "पण तुम्हाला फोडणी दिलीय कोणीतरी."

इथे मी गप्प बसलो असतो तर आज डांग बघून आलो असतो. पण शहाण्या माणसाचं डोकं थांबतं का? काल संध्याकाळी ब्रेक उत्तम, आज सकाळी मेलेले. मधे काय झालं? मधे रवी झाला! मी सगळ्यांसमोर बोट रोखलं. "यानेच डिस्कला हात लावला. माझी पाठ वळल्यावर. मार्केटमधली तेलकट कचोरी खाऊन!"

रवीचा चेहरा उतरला. "आईशप्पत नाही लावला, दाजी."

सुनंदाचा मात्र चढला. "सणाच्या दिवशी माझ्या भावावर आळ घेता? सिद्ध करा."

"करतो! रवीने हात लावला नसेल, तर मी डांगला जाणार नाही. ही सायकल घेऊन रवी जाईल!" माझा आवाज पार पाटलांच्या गच्चीवर पोहोचला. पाटील म्हणाले, "आम्ही साक्षीदार."

न्यायाधीश म्हणून रमणभाईंना बोलावलं. त्यांनी ना पाना काढला ना तक्ता विचारला. खिशातून पकड काढून पॅड बाहेर ओढलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले.

"घी छे," ते म्हणाले. "चोख्खुं."

"तूप?" मी रवीकडे वळलो. अजूनही वळलो, बघा! "शिरा खाऊन हात धुतले होतेस का?"

"अने घी लाल छे," रमणभाई पुढे म्हणाले आणि त्यांनी अंगठा वर केला. लालभडक. सुनंदाने देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे. मीही पाहिलं. ते बोटही लालच होतं.

"दाजी," रवी फार हळू म्हणाला, "डायरी आणता का जरा?"

आणली. काय करणार? बावीस वर्षं मीच सांगत आलो की डायरी खोटं बोलत नाही. रवीने त्या दिवशीचं पान उघडलं आणि मार्केटमध्ये साडीचा भाव पुकारतात तशा खणखणीत आवाजात वाचलं:

"'दसरा, सकाळी सात दहा. पूजा. फ्रेम काळी, कुंकू दिसत नाही. मिलच्या रीतीने तुपात कालवले. पुढच्या डिस्कवर चार दिशांना चार बोटे, मागच्या डिस्कवर चार. रुमाल काढून स्वतः लावली. जागा चकचकीत व योग्य. चाक फिरवून पाहिले, फार शोभा आली.'"

मग त्याने मागचं पान उलटलं आणि लाल शाईतलं पण वाचलं. त्याची गरज नव्हती. पण वाचलं.

रमणभाईंनी पानावर वाकून पाहिलं. म्हणाले, "अक्षर सरस छे."

डिस्क त्यांनी स्पिरिटने पुसल्या, नवे पॅड बसवले, बोल्ट पिळले. हाताने! मी नंतर गुपचूप माझा पाना लावून बघितला. एकूण एक बोल्ट बरोबर. हात मोजतो हो त्यांचा.

रविवारी रवी डांगला गेला. माझी सायकल, माझं हेल्मेट, माझी पाठपिशवी. मी त्याला चार पानांच्या सूचना लिहून दिल्या आणि म्हटलं, परत आल्यावर प्रवासाची नोंद माझ्या डायरीत तूच कर, म्हणजे काम पूर्ण होईल. तेवढी तरी शिस्त राहावी.

त्याने केली. कोंबडीचे पाय असल्यागत अक्षरात, एकच ओळ. पान फाडावं म्हटलं, तर सुनंदाने पानांवर आकडे घालून ठेवलेत. वाचूनच दाखवतो:

'रविवार, डांग. सगळे उतार उतरलो, ब्रेक एक नंबर लागले. कारण, दाजी घरी होते.'