रविवारच्या यादीत ताईचा आवाज

दर रविवारी सकाळी मी आमच्या वाचनालयाच्या महिला गटावर ऐकण्याजोग्या कार्यक्रमांची यादी टाकते. सरकारी रेडिओचे पॉडकास्टच घेते, कारण त्यांत मधेच कोणी गाद्या विकत नाही. माझे नियम साधे आहेत. कुकर लावल्यापासून भाजी होईपर्यंत भाग संपला पाहिजे. सुरुवातीची धून लांबली की कार्यक्रम बाद. निवेदक स्वतःच्याच विनोदावर हसला तर तोही बाद. या चाळणीतून फार थोडं उरतं. आंब्यावरच्या तुडतुड्यांची मालिका उरली; ती बागा नसलेल्या बायकांनीही ऐकली, कारण सांगणारा माणूस त्या किड्याबद्दल शेजाऱ्याची तक्रार करावी तसा बोलतो. नमन-खेळे या कोकणी लोकनाट्यातल्या जुन्या कलाकारांच्या मुलाखती उरल्या. आरोग्याचा कार्यक्रम मात्र मी काढून टाकला. तो ऐकून गटातल्या निम्म्या जणींना तेच रोग झाले.

गेल्या हिवाळ्यात अशीच शोधत असताना रेडिओ केंद्राने नेटवर चढवलेले जुने कार्यक्रम सापडले, आणि त्यांत माझी थोरली बहीण सापडली.

ताई बरीच वर्षं केंद्रावर हंगामी निवेदिका होती. किनाऱ्यावरच्या बायकांशी गप्पा, असा तिचा कार्यक्रम असे. पुढे थायरॉईडचं ऑपरेशन झालं, आवाजाची नस दुखावली, आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती बोलते तेव्हा वाळकी झावळ फरशीवरून ओढल्यासारखं वाटतं. फोनवर गॅसवाला तिला "बोला काका" म्हणतो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हा किस्सा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तिच्यासमोर, नकलेसकट.

बांगडे साफ करता करता मी तिचा एक भाग ऐकला. जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाच्या बायकोला ताई विचारते, "ते घरी आले की पहिल्या दिवशी काय बोलता?"

"काय नाय. ते घर बघत फिरतात. मी मागून फिरते, मी काय काय हलवलंय ते त्यांना दिसेल म्हणून."

यावर ताई काहीच बोलत नाही. दुसऱ्या कोणी तिथे गाणं लावलं असतं. ताई गप्प राहते, आणि मग ती बाई खरं बोलायला लागते. माझ्या सगळ्या नियमांत बसणारा भाग होता. तरी विचारावं म्हणून तिच्याकडे गेले. गावातलं घर विकून ती दोघं पालीच्या रस्त्याला एका इमारतीत राहायला गेली आहेत. तिथे तिला आधीपासून ओळखणारं कोणी नाही.

"नको टाकू," ताई म्हणाली.

"चांगलं आहे म्हणून टाकत्ये. तू आहेस म्हणून नाही."

"इथल्या लोकांना वाटतं, बाई जात्याच घोगरी. पाणी सोडणारा पंपवाला घाबरतो मला. पाण्यावरून भांडण झालं आणि मी तोंड उघडलं की गप्प बसतात सगळे. ते ऐकलं की मी बिचारी होईन. आत्ता नुसती घोगरी आहे, ती बरी आहे."

पेपरामागून भाऊजी म्हणाले, "मेहुणीबाई, आम्ही लग्न रेडिओशी केलं. घरात उरली खरखर."

"मग बदलायचं होतं स्टेशन," ताई म्हणाली.

मी यादीत तो भाग घातला नाही. विषय माझ्यापुरता संपला. भाऊजींचा संपला नव्हता.

इमारतीच्या सत्यनारायणाला मीही होते. आरती झाली, स्पीकर चालूच होता. भाऊजींनी आपला मोबाईल त्याला जोडला आणि तो भाग लावला. "ओळखा पाहू, कोण बोलतंय?"

"पुण्याची कोणीतरी असणार," पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले.

"पुण्याची कसली हो. तुमच्या हातावर शिरा ठेवत्येय ती."

सगळ्या माना वळल्या. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. "सोन्यासारखा आवाज होता गो," असं मागून आलं. शेजारीण उठली आणि ताईच्या हातातलं पातेलं काढून घेत म्हणाली, "तुम्ही बसा हो. आम्ही वाटतो." ऑपरेशन जणू हाताचं झालं होतं. ताई काहीतरी म्हणाली, पण स्पीकरवर तिचाच आवाज चालू होता, त्यात कोणाला कळलं नाही.

"हळू बोल," भाऊजी म्हणाले, "ऐकू दे लोकांना."

इमारतीच्या पुढच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला. ताईने सुरुवात केली, तेवढ्यात तिच्याशी कायम वाद घालणारा गृहस्थ म्हणाला, "असू दे, त्यांचंच खरं. त्यांना कशाला बोलायला लावता?" ठराव तिच्या बाजूने झाला. तिचं म्हणणं काय होतं, ते कोणी विचारलं नाही. आता तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक हो म्हणतात. पंपवाला तब्येतीची चौकशी करतो. आपण तिचं काम सोपं केलं, असं भाऊजी सांगत फिरतात.

फोन टाळणाऱ्या ताईने त्या आठवड्यात मला स्वतःहून फोन केला.

"टाक तो भाग यादीत."

"नक्की?"

"बिचारी व्हायची ती झाले. इथे सगळ्यांनी आवाज ऐकला. त्या बाईने काय सांगितलं, ते एकालाही आठवत नाही. तुझ्या गटातली एखादी तरी नीट ऐकेल."

म्हणून या रविवारी तो भाग सगळ्यात वर घातला. खाली लिहिलं: जहाजावरच्या माणसाच्या बायकोची ही मुलाखत जरूर ऐका. विचारणारीचा आवाज गोड आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. ती कुठे गप्प बसते ते ऐका. आवडलं तर त्या बायकोबद्दल लिहा, विचारणारीबद्दल नको.

पहिलं उत्तर लगेच आलं. "अगो, ही तुमची ताई ना? बिचारी."

गटाची प्रमुख मी आहे. तो मेसेज काढून टाकला.